उतरंड : तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावात मोठं घर कुणाचं होतं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळण आणि एक-दोन ठिकाणची पुनरुक्ती काढलीय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजची सुरुवात एका एमसीक्यूनं. इनामगाव कोणत्या नदीच्या काठी वसलंय?

जे अभ्यासिकेतून बाहेर पडून टपरीवर चहा घेत हे ऐकतायत, त्यांनी उत्तर देऊनही टाकलं असेल. घोड नदी. तालुका शिरूर, जिल्हा पुणे, ताम्रपाषाणयुग, जोर्वे संस्कृती. एक मार्क पदरात. मीसुद्धा दोन वर्षं हेच घोकत होते. पण ते एक गाव होतं, तिथे माणसं राहत होती, कुणाचं तरी घर मोठं होतं आणि कुणाच्या तरी घरातलं धान्य पावसाळ्याआधीच संपत होतं, हे काही एकदाही डोक्यात आलं नाही.

मग एकदा ग्रंथालयात उत्खननाच्या अहवालातला घरांचा नकाशा बघितला. नकाशा म्हणजे काय, तर चौकोन. ओळीनं मांडलेले चौकोन, मध्ये दीडेक मीटरची बोळ, पुन्हा चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे एक घर. आणि त्यांत एक चौकोन असा, की तो बाकीच्यांत बसतच नाही. पाच खोल्यांचा. त्याला लागून आणखी एक बांधकाम, ज्याला उत्खनन करणाऱ्यांनी धान्याचं कोठार म्हटलंय.

आजचा सगळा भाग त्या एका घराबद्दल आणि त्या एका कोठाराबद्दल आहे.

आधी अंदाज यावा म्हणून मापं सांगते. इनामगावात वस्तीचे तीन टप्पे सापडतात. पहिला माळवा काळ, साधारण इ.स.पू. १६०० ते १४००. मग जोर्वे काळाचा पूर्वार्ध, इ.स.पू. १४०० ते १०००. आणि मग उत्तरार्ध, इ.स.पू. ७००पर्यंत. मधल्या टप्प्यातली नेहमीची घरं साधारण ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. म्हणजे एकशेसाठ स्क्वेअर फुटांच्या आसपास. पुण्यात मी आणि माझी रूम पार्टनर ज्या खोलीत राहतो, ती १० बाय १५ची आहे. तेव्हा हे माप मला कुणी समजावून सांगायची गरज नाही! फरक एवढाच, की त्यांच्या घरापुढे अंगण होतं.

भिंती खाली बुटक्या मातीच्या, वर कुडाच्या. छप्पर गवताचं. आत चूल, जमिनीत खणलेली पेवं आणि मातीचे गोल, थोडे उंच ओटे. हे ओटे कशासाठी, याचं कोडं सोडवायला फार लांब जावं लागलं नाही. आपल्याकडच्या खेड्यांतल्या जुन्या घरांत कणगी ठेवायला असेच ओटे करत. खालून ओल लागू नये, उंदीर-घुशींनी पोखरू नये म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, उत्खननात घरं सापडणारच, त्यात काय विशेष? तर विशेष आहे. कारण पुष्कळदा घरं सापडतच नाहीत. पांढरीच्या टेकाडात उभा खड्डा घेतला, की तो विहिरीसारखा खाली जातो. त्यातून कळतं काय, तर आधी कोण आले, मग कोण आले, कुठल्या थरात कसली खापरं आली. पण विहिरीत उतरून शेजाऱ्याचं घर दिसत नाही. शेजारी कोण, कुणाचं अंगण मोठं, कोण गावाच्या मध्यात आणि कोण कडेला, हे बघायचं तर रान नांगरल्यासारखं आडवं उघडावं लागतं. वेळ जातो, पैसा जातो, आणि हाताला लागतं काय, तर चुली आणि खांबांची भोकं.

डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला हेच केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. शंभराहून जास्त घरं उघडी केली त्यांनी. गंमत बघा, 'हाउसहोल्ड आर्किऑलॉजी' हा शब्द रूढ झाला तो १९८२ साली रिचर्ड विल्क आणि विल्यम राठ्जे यांनी त्या नावाचा लेख लिहिल्यावर. तोवर घोडकाठी चौदा वर्षं घरंच खणणं चाललं होतं. (हा राठ्जे म्हणजे अमेरिकेतल्या टुसॉन शहरातल्या लोकांचा आजचा केरकचरा तपासणारा माणूस. त्याच्यावर एक वेगळा भाग करायचाय, आठवण करा.)

घराचं पुरातत्त्व म्हणजे मुळात जमिनीचं पुरातत्त्व. फुटलेलं मडकं माणूस उचलून उकिरड्यावर टाकतो, पण बारीक गोष्टी तो उचलत नाही. मणी घडवताना उडालेली कपची, माशाचा काटा, चुलीतून निसटलेला जळका दाणा, हे सगळं पायाखाली दाबलं जातं. मग कुणीतरी वरून सारवतं आणि ते कायमचं बंद होतं. ती माती पाण्यात कालवली, की जळके दाणे वर तरंगतात. अशा दाण्यांवरून कळतं की इनामगावकरांचं मुख्य धान्य जव होतं. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगे. पुणे-नगरकडच्या मंडळींनो, हुलग्याचं माडगं प्यायला असाल तर त्या चवीला तीन हजार वर्षं झालीत.

आता त्या मोठ्या घराकडे वळू. घर मोठं म्हणून माणूस मोठा, असं एकदम म्हणता येत नाही. एकत्र कुटुंब असेल, खाणारी तोंडं जास्त असतील. ढवळीकरांनी ते घर गावच्या प्रमुखाचं मानलं, ते नुसत्या खोल्या मोजून नाही. शेजारचं कोठार हे एक कारण. आणि दुसरं कारण पाण्याचं.

गावाच्या कडेला दगडमातीचा बांध आणि एक चारी सापडली. पुराचं पाणी वळवून शेतीला न्यायची सोय, असं उत्खननकर्त्यांचं मत. चारी सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल. सरळ आयताकृती धरून गुणाकार करा. २८०० घनमीटर माती. आपल्याकडे मुरूम-माती ब्रासमध्ये मोजतात. तर ही झाली जवळपास हजार ब्रास. जेसीबी नाही, लोखंडी फावडं नाही. दगडाची हत्यारं, लाकूड, थोडंफार तांबं. हजार ब्रास माती उपसायला माणसं एकत्र आणणारं, त्यांना कामाच्या दिवसांत खायला घालणारं आणि नंतर पाणी आधी कुणाच्या रानात जाणार हे ठरवणारं कुणीतरी लागतं. पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत कुऱ्हाडी निघतात, हे गावाकडच्या पोरांना मी काय सांगणार.

मग कोठार कशासाठी? ढवळीकरांचा तर्क असा, की लोक धान्याचा वाटा प्रमुखाकडे आणून देत आणि अडीअडचणीला त्यातूनच ते परत वाटलं जाई. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. अरे वा, गावाची बँक. दुष्काळ पडला की उघडायची.

इथे मला माझ्या आजोळची गोष्ट सांगायला हवी.

आजोळच्या माजघरात तीन मोठ्या कणग्या होत्या. मी बघितल्या तेव्हा रिकाम्या होत्या, एकीत फाटक्या गोधड्या ठेवलेल्या. पण घरातलं प्रत्येक माणूस एक गोष्ट सांगायचं. ७२च्या दुष्काळात आपल्या कणग्यांनी निम्मी आळी जगवली. मामा सांगायचा, आजी सांगायची, माझी आई तर डोळ्यांत पाणी आणून सांगायची. मीही शाळेतल्या निबंधात ते लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी तिथल्याच एका लग्नात मी पंगतीला एका म्हाताऱ्या आजींच्या शेजारी बसले होते. कुणाची कोण विचारपूस झाली. मी कौतुकानं कणग्यांची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, "दिली की ज्वारी. न्हाई कोण म्हणतंय? पर सुगीला पायलीच्या जागी दीड पायली मोजून घेतली तुज्या पणज्यानं." आणि पुढे शांतपणे भात कालवायला लागल्या.

दिढी म्हणतात याला. पायलीला सव्वा पायली घेतली तर सवाई. शब्द मला पाठ्यपुस्तकातून माहीत होते, सावकारी या धड्यातून. ते आपल्या माजघरातले असतील असं वाटलं नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, त्या काळी सगळीकडे तसंच होतं. आजी जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बियाणं पण आम्हीच दिलं होतं ना."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आळी जगली हेही खरं, आणि जगवणाऱ्याच्या घरात पुढच्या वर्षी जास्त धान्य आलं हेही खरं. म्हणून आता इनामगावचं कोठार म्हटलं की मी विचारते, पायली कुणाच्या हातात होती? कारण उकरल्यावर कणगीचा ओटा सापडतो. दिलेलं धान्य दान होतं, उसनं होतं की दिढीचं, हे ओट्यावर लिहिलेलं नसतं.

मग पुरातत्त्ववाले करतात काय? ते बघतात की साठवण कुठे आहे. तुर्कस्तानात चातालह्योयुक नावाचं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं स्थळ आहे. तिथे शेकडो घरं एकमेकांना चिकटलेली, मध्ये रस्ताच नाही, छपरातून आत उतरायचं. एवढी मोठी वस्ती, पण राजवाडा नाही आणि गावाचं असं एकच मोठं कोठारही नाही. प्रत्येकाच्या घरात, आतल्या खोलीत, त्याच्या-त्याच्या मातीच्या कोठ्या. शेजाऱ्याला कळणारसुद्धा नाही तुझ्याकडे किती उरलंय ते. तिथली घरं बरीचशी एकाच मापाची आहेत. इनामगावातही घराघरांत पेवं आणि कणग्या होत्याच. पण त्याखेरीज एक मोठी साठवण, आणि तीही सर्वांत मोठ्या घराला खेटून. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. माझ्या मते हा फरक छोटा नाही. धान्य कुणाचंही असो, मागायला कुठल्या दारी जायचं हे गावात ठरलेलं होतं.

आता मेलेल्यांकडे येते. ज्यांना हा विषय नको असेल त्यांनी दोन मिनिटं पुढे ढकला.

इनामगावात मेलेल्यांना घरातच पुरायचे. जमिनीखाली, नाहीतर अंगणात. लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणं, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून, असं काही अभ्यासक म्हणतात. अशी दोनशेहून अधिक दफनं सापडली, त्यांत मुलांची संख्या फार मोठी. मुलं मरायची, आणि आया त्यांच्यावरच सारवून स्वयंपाक करायच्या. नकाशावरच्या चौकोनांमधून हे दिसत नाही.

या सगळ्यांत एक दफन निराळं आहे. कच्च्या मातीचा, पोट सुटलेला, चार पायांचा एक रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला चाळिशीचा पुरुष. त्याचे पाय तोडलेले नाहीत. सहावीच्या एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात त्याचा उल्लेख होता, काही जणांना आठवेल. गावाच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात तो सापडला. घराला कोठारही होतं.

घर मोठं, जागा मध्यातली, धान्य जवळ आणि मेल्यावर नियमही वेगळा. एकेक पुरावा सुटा घेतला तर वाद घालता येतो, पण चारही एकाच अंगणात आले की वाद घालणाऱ्याला जास्त मेहनत पडते.

तरीही एक प्रश्न उरतो. हा माणूस स्वतःच्या कर्तबगारीनं मोठा झाला असेल तर? चांगला शिकारी असेल, भांडणं मिटवणारा असेल. तसं असेल तर त्याच्याबरोबर ते मोठेपण संपतं. खरी विषमता सुरू होते ती मुलांपासून. याच जोर्वे संस्कृतीच्या नेवाशाला एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांबं तेव्हा दुर्मीळ, लांबून येणारं. मुलानं काही ते कमावलेलं नव्हतं. एका माळेवरून सगळ्या समाजाचा निकाल लावू नये, आईबापांचं प्रेमही असेल. पण बहुतेक मुलांच्या गळ्यात काहीच नाही आणि एकाच्या गळ्यात तांबं, हे बघून मी तरी थांबते.

आता तो प्रश्न, जो दर वेळी कुणीतरी विचारतंच. इनामगावात कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंताचं काम करणारा यांची घरं पश्चिमेच्या कडेला सापडली, आणि मध्यावर शेतकऱ्यांची. "मग बलुतेदारी, जात, गावकूस हे सगळं तेव्हापासूनच होतं का?"

नाही, एवढ्या पुराव्यावरून असं म्हणता येत नाही. भट्टी म्हणजे ठिणग्या, आणि गावभर गवताची छपरं. कुंभाराला कडेला बसवायला तेवढं कारण पुरतं. सोनाराला ते कारण लागू पडत नाही हेही खरं. पण कडेला राहणं आणि शिवू न देणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर आपण आपल्या मनानं भरून काढायचं नाही. ज्यांना जात अनादी ठरवायचीय त्यांना हा नकाशा आयता सापडतो. तो तसा वापरू देऊ नका.

विषमता वाढते कशानं, यावर एक मोठा अभ्यास २०१७ साली 'नेचर'मध्ये आला. टिमोथी कोहलर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या ६३ स्थळांवरच्या घरांची मापं घेतली आणि प्रत्येक ठिकाणचा जिनी गुणांक काढला. अर्थशास्त्रवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी : सगळ्यांची घरं सारखी तर शून्य, सगळं एकाच्याच घरात तर एक. शिकार-संकलन करणाऱ्यांचा सरासरी आकडा आला ०.१७. छोट्या परसबागेसारखी शेती करणाऱ्यांचा ०.२७. पूर्णवेळ शेतकऱ्यांचा ०.३५. पण मला पुढचा निष्कर्ष जास्त आवडला. अमेरिका खंडांत शेती आल्यावर ही दरी थोडी वाढून थबकली. युरोप-आशियात मात्र वाढतच गेली. त्यांनी दिलेलं एक कारण म्हणजे ओढकामाची जनावरं. आपल्या भाषेत सांगायचं तर बैल.

हे पटायला मला आकड्यांची गरज पडली नाही. ज्याच्याकडे जोडी, तो दुप्पट रान कसतो. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एक-बैलवाल्याशी सावड करतो. ज्याच्याकडे एकही नाही, तो वाफसा निघून जाईपर्यंत दुसऱ्याच्या जोडीची वाट बघतो, किंवा त्याच्या रानात राबून जोडी मिळवतो. इनामगावच्या जवळ वाळकीला गुराच्या हाडापासून केलेला नांगराचा फाळ सापडलाय. म्हणजे फाळ होता, गुरं तर घरोघर होती. फक्त किती घरांत जोडी होती, हे मोठ्या घराला नेमकं ठाऊक असणार.

सगळ्यांना हे चित्र मान्य आहे असं नाही. शीना पांजा यांनी इनामगावच्या पुराव्याकडे दुसऱ्या बाजूनं बघितलं. हे लोक बाराही महिने एका जागी बसणारे नव्हते, फिरतेही होते, असं त्यांचं म्हणणं. तसं असेल तर नकाशावरचे सगळे चौकोन एकाच वेळी भरलेले नसणार. आज तुमच्या सोसायटीचा नकाशा काढला आणि निम्मे फ्लॅट बंद आहेत हे लिहायचं राहिलं, तर जी चूक होईल ती इथेही होऊ शकते. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. त्यानं प्रमुखाचं घर नाहीसं होत नाही, पण त्याच्याभोवतीची गर्दी विरळ होते.

शेवटचा टप्पा पटकन सांगते. जोर्वे काळाच्या उत्तरार्धात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवर जास्त भिस्त. पाऊसमान बिघडलं, असं जुनं स्पष्टीकरण. त्यावरही आता वाद आहे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या काळातल्या मुलांची हाडं तपासली तेव्हा दिसलं, की उत्तरार्धातली मुलं अंगानं कमी भरलेली होती. इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव ओस पडलं. कोठारातलं धान्य शेवटच्या वर्षांत कुणाला मिळालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढच्या भागात चातालह्योयुकच्या छपरांवरून चालायला जाऊ. तोवर एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला फोन लावा. आजी, आत्या, मावशी, कुणीही. विचारा, धान्य कुठे ठेवायचे आणि पायलीनं मोजून कोण द्यायचं. आणि शक्य असेल तर मोजून नेणाऱ्यांच्या घरातही कुणाला तरी विचारा. उत्तरं व्हॉइस नोटनं पाठवा, बोली बदलू नका, मी ऐकते सगळं.

आणि हो, माझ्या आजीला मी बियाण्याच्या पुढचं अजून विचारलेलं नाही. दिवाळीला जाणार आहे.